आंदोलनं करून काय मिळतं?

मंडळी, "आंदोलनं करून काही होत नाही हो, नुसता ट्रॅफिक जाम होतो" हे वाक्य मी हल्ली फार ऐकतो. लग्नात ऐकतो, साखरपुड्यात ऐकतो. गंमत म्हणजे ते बोलणारे बरेच जण आमच्याच पट्ट्यातले असतात, आणि राहतात कुठे, तर साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभ्या राहिलेल्या इमारतीत! ज्या फांदीवर बसायचं तिलाच "झाड उगवतच नाही" म्हणायचं, असला हा प्रकार. म्हणून ही पोस्ट. नातेवाईकांनी वाचली तर रागावू नये. किंवा रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

जे बाहेरचे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी संपादित करायची ठरली. आमचं गव्हाण त्यातलंच. भातशेती, खाजण, मिठागरं, खाडीची मासळी यांवर जगणारा हा मुलूख. कायदा वापरला इंग्रजांचा, १८९४ सालचा. मोबदला एकदा हातावर टेकवला की शेतकऱ्याचा त्या जमिनीशी संबंध संपला, पुढे तिथे शहर उभं राहून भाव शंभरपट झाला तरी त्याला काय त्याचं! १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईजवळ दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलिसांनी गोळीबार केला. नामदेव घरत, रघुनाथ ठाकूर, कमळाकर तांडेल, महादेव पाटील आणि केशव पाटील हे पाच जण गेले. त्यानंतर जे मिळालं ते म्हणजे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण.

आता माझा मुद्दा. आंदोलन कसं उभं राहतं याच्या दोन गोष्टी आपण एकमेकांना सांगतो आणि दोन्ही अर्धवट आहेत. पहिली गोष्ट : एक महापुरुष आला आणि त्याने लोकांना जागं केलं. दुसरी : अन्यायाची ठिणगी पडली आणि वणवा पेटला.

ठिणगीचं आधी बघू. गोळीबाराने चळवळ जिंकते असं असतं तर २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हाच सगळं बदललं असतं. तसं झालं नाही. उलट अलिबागजवळच्या चरीचं बघा. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप सुरू झाला. कुळांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. एक-दोन महिने नव्हे, १९३९ पर्यंत! लाकूडफाटा विकून, मासळी मारून दिवस काढले. डॉ. आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे कूळ कायदा १९४८ चा आणि खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. म्हणजे संप सुरू झाल्यापासून सोळा वर्षं. ठिणगी क्षणभराची असते हो, सहा वर्षं चूल पेटती ठेवायला घराघरातलं सरपण लागतं.

हे सरपण म्हणजे काय? तर आधीपासून असलेली माणसांची जोडणी. आमच्याकडे गावकी होती, भजनी मंडळं होती, शेतकरी कामगार पक्षाच्या सभा होत्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोयरीक होती. जासईची मुलगी गव्हाणला, गव्हाणची उलव्याला. एका गावात काही घडलं की चार गावांत चूल पेटत नसे. तेव्हा ना मोबाईल होता ना व्हॉट्सॲप. आज पाचशे जणांचा ग्रुप असतो, सगळे "जय आगरी" म्हणतात आणि ग्रामसभेला पंचवीस माणसं जमत नाहीत.

हे काही आपल्याकडेच नाही. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत १९५५ साली रोझा पार्क्सने बसमधली जागा सोडली नाही, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहीत असते. दमलेली बाई, एक नकार, आणि इतिहास बदलला! प्रत्यक्षात ती कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची जुनी कार्यकर्ती होती. तिला अटक झाली त्याच रात्री तिथल्या बायकांच्या एका मंडळाने हजारो पत्रकं छापून काढली. पुढे ३८१ दिवस लोक बसमध्ये बसले नाहीत. कामाला जायला गाड्यांची सोय चर्चमधून झाली. म्हणजे तिथेही सरपण आधीच रचलेलं होतं.

आता महापुरुषाचं. दि. बा. पाटील मोठेच होते, त्यात वाद नाही. जासईचे, वकील, पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. पण त्यांचं मोठेपण लोकांना "जागं" करण्यात नव्हतं. आमची माणसं झोपलेली कधी नव्हतीच. आपली जमीन मातीमोल जातेय हे कळायला वकील लागत नाही. दिबांनी त्या रागाला हिशोब दिला. नुसतं "अन्याय होतोय" म्हटलं की सरकार सहानुभूती दाखवतं आणि घरी पाठवतं. "आमच्या जमिनीच्या विकासात आमचा हिस्सा" म्हटलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. आणि उत्तर मिळालं तेही कागदावर, १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांतून. एकरातले म्हणजे चाळीस गुंठ्यांतले पाच गुंठे, त्यातूनही सामाजिक सुविधांचे वजा जाऊन साडेतीन. थोडं आहे? आहेच. पण पुढे विमानतळासाठी दहा गावं उठली तेव्हा बोलणी साडेबारापासून सुरू झाली आणि साडेबावीसवर गेली. हा आकडा आकाशातून पडला नाही.

तेव्हा आंदोलनाने काय होतं, याचं उत्तर मिळालं असेल. आता जरा कडू बोलतो.

चळवळ नेमकं तेवढंच बदलते जेवढं तिच्या "आपण" या शब्दात मावतं. आमच्या "आपण"मध्ये सातबाऱ्यावर नाव असलेला मावला. दुसऱ्याच्या मिठागरात राबणारा मजूर मावला नाही, डोंगरावरचा कातकरी मावला नाही. आणि बायका? १९८४ च्या मोर्च्यात त्या मोठ्या संख्येने होत्या. पण भूखंड हातात आले, बिल्डरची गाडी दारात लागली, तेव्हा त्याच बायकांना नोटरीकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. "भावाचं माहेर तुटेल" एवढं म्हटलं की पुरे! ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. कायदा आला, पण आमच्या ओटीवर तो अजून चढलेला नाही.

यावर "हा घरचा प्रश्न आहे, यात चळवळ कुठे आली?" असं कुणीतरी म्हणणार. अहो, खोतही तेच म्हणत होता. माझी जमीन, माझी कुळं, तुम्ही कोण? बाहेरच्याने केला तर अन्याय आणि आपण केला तर रीत, हा हिशोब दिबांच्या नावाने घोषणा देणाऱ्यांना शोभत नाही. विमानतळाला त्यांचं नाव मिळावं म्हणून २०२१ च्या जूनमध्ये आपण साखळी केली, सिडकोवर गेलो. चांगलंच केलं. पण नावासाठी हजारोंनी रस्त्यावर येणाऱ्या समाजाला हिश्श्यासाठी बहिणीच्या बाजूने पाच माणसं मिळू नयेत?

येत्या १६ जानेवारीला जासईला हुतात्म्यांना हार घालायला जालच. जरूर जा. त्याआधी घरातली ती हक्कसोडपत्राची फाईल एकदा काढा, आणि जिने सही केली तिला तिचा हिस्सा किती होता तेवढं तरी सांगा.