विश्लेषण : मोबाइलवरच्या अभ्यासाचे समाधान मोजायचे कसे?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातील पदवीच्या अनेक विद्यार्थ्यांसाठी मोबाइल हेच ग्रंथालय आणि नोटीस बोर्ड झाले आहे. या सोयीवर ते समाधानी आहेत का, हा प्रश्न महाविद्यालयांच्या मूल्यांकनाशीही जोडलेला आहे. मात्र प्रश्न चुकीचा विचारला, तर उत्तरही फसवे येते. ते कसे?

मोबाइलवर काय काय आले?

व्हॉट्सअ‍ॅप गटावरच्या पीडीएफ नोट्स, यूट्यूबवरची व्याख्याने आणि गुगल क्लासरूम करोनाकाळात रुळले. त्याआधी ९ जुलै २०१७ रोजी केंद्राचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू झाले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करता येतात. म्हणजे मोबाइल आता पूरक साधन राहिलेला नाही, पदवीचे श्रेयांकही त्यावर अवलंबून असू शकतात.

समाधान म्हणजे नेमके काय?

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार तंत्रज्ञान उपयोगी आणि वापरायला सोपे वाटले, तर लोक ते स्वीकारतात. त्याआधी १९८० मध्ये रिचर्ड ऑलिव्हर यांनी दाखवले होते, की समाधान अपेक्षेवर ठरते. अपेक्षा कमी असेल, तर साधारण सोयही उत्तम वाटते. घरी संगणक नसलेला विद्यार्थी सहा इंची पडद्यावर खूश असू शकतो, कारण त्याने दुसरे काही वापरलेलेच नसते.

‘नॅक’ काय विचारते?

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषदेने (नॅक) २०१७ मध्ये सुधारित मूल्यांकन पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणले. त्यात २१ प्रश्न आहेत. किती टक्के शिक्षक प्रोजेक्टर, मल्टिमीडियासारखी साधने वापरतात, हा त्यातला एक. विद्यार्थ्याकडे स्वतःचा फोन आहे का, डेटा पुरतो का, हे मात्र विचारलेले नाही. वर्गातले साधन मोजले जाते, घरातले नाही.

या पट्ट्यात अडचण कुठे येते?

पहिली अडचण साधनाची. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार देशात शहरी भागातील २३.४ टक्के, तर ग्रामीण भागातील ४.४ टक्के घरांतच संगणक होता. या शहरांतील महाविद्यालयांत आसपासच्या गावांतूनही मुले येतात.

दुसरी अडचण डेटाची. मध्यम दर्जाच्या तासाभराच्या व्हिडीओला साधारण अर्धा जीबी लागतो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये तीन व्याख्यानांत डेटा संपतो. त्यात जुलै २०२४ मध्ये खासगी दूरसंचार कंपन्यांनी दर वाढवले.

तिसरी प्रवासाची. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. मुंबई-ठाण्यात शिकणाऱ्यांचा अभ्यासाचा वेळ लोकलमध्येच जातो. गच्च भरलेल्या गाडीत शेकडो फोन एकाच टॉवरवर येतात आणि व्हिडीओ अडकतो. तिथे आधी डाउनलोड करून ठेवलेली फाइलच कामी येते.

चौथी भाषेची. उल्हासनगरात मराठी, सिंधी, हिंदी बोलणारी मुले एकाच वर्गात बसतात, पण ऑनलाइन साहित्य बहुतांशी इंग्रजीत असते.

आणि यंत्रणा कोलमडली तर? ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ‘आयडॉल’ची अंतिम वर्षाची ऑनलाइन परीक्षा खोळंबली. विद्यापीठाने सायबर हल्ल्याचे कारण दिले आणि परीक्षा पुढे गेली. विद्यार्थ्याचा फोन आणि नेटवर्क चांगले असले, तरी पलीकडचा सर्व्हर चालावा लागतो.

समाधानी विद्यार्थी जास्त शिकतो का?

तसे नाही. हार्वर्ड विद्यापीठातील २०१९ च्या अभ्यासात भौतिकशास्त्राचे विद्यार्थी स्वतः गणिते सोडवायच्या वर्गात जास्त शिकले, पण ‘जास्त शिकलो’ असे त्यांना सफाईदार व्याख्यान ऐकताना वाटले. मोबाइलवरचा गुळगुळीत व्हिडीओही असाच भास देऊ शकतो. करोनानंतर परीक्षा पुन्हा कागदावर आल्या, तिथे व्हिडीओ पाहणे नव्हे, तर उत्तर लिहिणे मोजले जाते.

मग काय विचारायला हवे?

‘अ‍ॅप आवडले का?’ याऐवजी काही साधे प्रश्न पुरेसे आहेत. फोन स्वतःचा की घरात वाटून घेतलेला? महिन्यात किती दिवस डेटा संपला? व्याख्यान डाउनलोड करता येते का? शंका विचारल्यावर उत्तर किती दिवसांत मिळाले? उत्तरे मिळाली, तर उपायही महागडे नाहीत : कमी आकाराच्या फाइली, व्याख्यानांचे ऑडिओ, मराठी-हिंदीतील टिपणे, ग्रंथालयात वायफाय आणि संध्याकाळी उशिरापर्यंत खुले संगणक कक्ष.

‘नॅक’च्या सर्वेक्षणातील २१ वा प्रश्न खुला असतो. त्यात विद्यार्थ्याला आपल्या शब्दांत तीन सूचना लिहिता येतात. डेटा, भाषा आणि सामायिक फोनची अडचण नोंदवायला तूर्त तीच जागा आहे.