कपात झालेल्या साहेबांचे काय?

मंदीचे पाणी ओसरू लागले की उद्योगपतींच्या संघटना नव्या नेमणुकांविषयी मोठ्या समाधानाने बोलू लागतात. त्या समाधानात आम्हांस पूर्णपणे सहभागी होता येत नाही. २००८ साली अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाल्यावर आपल्याकडे जी कपात झाली, आणि २०२०-२१ मध्ये, १९७९-८० नंतर प्रथमच, देशाचे एकूण उत्पादन घटले तेव्हा जी झाली, ती पाहता एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. घरी पाठविलेल्यांपैकी कितीजणांना परत बोलाविले? कामगारांपुरते या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले आहे. व्यवस्थापक, विभागप्रमुख, मुख्य हिशेबनीस यांच्यापुरते ते कोणीच दिलेले नाही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपात झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस, नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन आणि मालकाने पुन्हा भरती केल्यास इतरांच्या आधी विचार होण्याचा हक्क दिला. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही तो अग्रहक्क, एका वर्षाच्या मुदतीने का होईना, राखला आहे. परंतु मुख्यत्वे व्यवस्थापनाचे काम करणारा मनुष्य या दोन्ही कायद्यांच्या लेखी कामगार नाहीच. दारावर मॅनेजरची पाटी लागते त्या दिवशी हे संरक्षण संपते. बढतीचे पेढे वाटताना ते कोणाच्या ध्यानात येत नाही! शिवाय हा वर्ग मोर्चा काढीत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने कमी केलेले शेकडो कर्मचारी मुंबईत रस्त्यावर उतरले, गदारोळ झाला आणि दोन-तीन दिवसांत कंपनीने निर्णय फिरविला. पंचेचाळिशी उलटलेला अधिकारी मात्र घराच्या कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या शिक्षणाची फी यांचा हिशेब मांडीत घरी बसतो आणि शेजाऱ्यांना ‘सध्या रजेवर आहे’ असे सांगतो.

तेजी परतली म्हणजे त्याचे दिवस पालटावेत, पण तसे होत नाही. वरच्या जागा जाहिरातीने क्वचितच भरल्या जातात. ते काम अधिकारी शोधून देणाऱ्या पेढ्यांकडे जाते. त्यांचे शुल्क पहिल्या वर्षाच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असते आणि त्यांची नजर प्रतिस्पर्ध्याच्या कचेरीत आज खुर्चीवर असलेल्या माणसावर असते. ज्याची खुर्ची गेली तो नालायक असावा, असे हा बाजार मानून चालतो. वस्तुतः बहुतेकांची खुर्ची जाते ती विभागच बंद झाल्यामुळे, आणि तो बंद करण्याचा निर्णय ज्या संचालकांनी घेतला त्यांना कोणी नालायक म्हणत नाही.

बाहेरचा माणूस कधीच आणू नये, असे आमचे म्हणणे नाही. मार्च २०२० मध्ये येस बँक डबघाईस आली तेव्हा रिझर्व्ह बँकेने तिच्यावर स्टेट बँकेचे माजी अधिकारी प्रशांत कुमार यांना नेमले, ते योग्यच होते; घरच पोखरलेले असता घरातला कारभारी कसा चालेल? तथापि याच्या उलट दाखलाही आहे. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा हिशेबी घोटाळा उघडकीस आला. सरकारने नेमलेल्या संचालक मंडळाने पुढच्याच महिन्यात मुख्याधिकारी निवडला तो कंपनीतच वाढलेला, ए. एस. मूर्ती. गिऱ्हाईक आणि नोकरवर्ग दोघेही बिथरलेले असताना त्यांना ओळखणारा माणूस हवा होता. पुढे कंपनी टेक महिंद्राकडे गेली, हे खरे. परंतु विकण्याजोगे काही शिल्लक राहिले ते त्या मधल्या महिन्यांत टिकले म्हणूनच.

२०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना नेमणुका व मानधन यांसाठी स्वतंत्र समिती ठेवणे बंधनकारक केले आहे. संचालकाचे मानधन मध्यम नोकराच्या पगाराच्या किती पट आहे, हेही त्यांना वार्षिक अहवालात छापावे लागते. याच अहवालात आणखी दोन आकडे मागावेत, अशी आमची सूचना आहे: वर्षात भरलेल्या वरिष्ठ जागांपैकी घरातून किती भरल्या, आणि मागील तीन वर्षांत कमी केलेल्या किती अधिकाऱ्यांना त्यांसाठी विचारणा झाली. त्यासाठी कायदा दुरुस्त होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याचा भागधारकाचा हक्क आजही शाबूत आहे, आणि मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात अशा भागधारकांची वाण नाही.