शितावरून भाताची परीक्षा पुरे काय?

शितावरून भाताची परीक्षा करावी, अशी आपल्याकडील जुनी म्हण आहे. घरच्या पातेल्यापुरती ती खरी आहे. आणि भात थोडा कच्चा राहिला तरी कोणाचा प्राण जात नाही. औषधाच्या गोळ्यांना मात्र ती लावताना विचार केला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गोवा, वडोदरा, हैदराबाद आणि इंदूरजवळील पीथमपूर ही औषधनिर्मितीची मोठी केंद्रे होत. आपल्यापैकी कोणी औषधे तयार करतात, कोणी घाऊक विकतात. घेणारे तर आपण सर्वच आहोत.

रूढ पद्धत अशी की, लाखो गोळ्यांची बॅच तयार झाल्यावर प्रत्येक गोळीत औषध सारखे उतरले आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी प्रथम दहा गोळ्या तपासावयाच्या; तेवढ्याने निर्णय न लागल्यास आणखी वीस. निकाल येईपर्यंत माल कोठारात अडकून पडतो. तो नापास ठरला, तर दोष नेमका कोणत्या घटकेस शिरला हे शोधणे कठीण होते.

यावर उपाय आहे तो वर्णपटाचा. विल्यम हर्शेल याने १८०० साली डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण शोधले. पाणी यांपैकी सुमारे १४५० व १९४० नॅनोमीटर लांबीच्या लहरी विशेषेकरून शोषून घेते. म्हणून वाळवणयंत्राच्या काचेतून असा प्रकाश ओल्या दाण्यांवर टाकला, की परतलेल्या प्रकाशावरून ओल किती उरली ते क्षणोक्षणी कळते. पावसाळ्याच्या दमट हवेत आणि उन्हाळ्यात केवळ घड्याळ पाहून सारखाच वेळ वाळवण्यापेक्षा हे अधिक शहाणपणाचे नव्हे काय?

मिश्रणाचेही तसेच. फिरत्या पिंपाच्या झाकणावर बसविलेले यंत्र दर फेरीस एक वर्णपट टिपते. लागोपाठचे वर्णपट बदलेनासे झाले, की मिश्रण एकजीव झाले असे समजावे. फार घोटणेही अपायकारकच. मॅग्नेशियम स्टिअरेट हा वंगणाचा पदार्थ प्रमाणाबाहेर घोटला गेला, तर गोळी ठिसूळ होते आणि पोटात विरघळण्यास विलंब लागतो. द्रावणातून औषधाचे स्फटिक होताना पाहण्यास रामन परिणाम उपयोगी पडतो. कारण त्याच्या वर्णपटात पाण्याचा अडथळा अल्प असतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हा शोध १९२८ साली कलकत्त्यास लावला. आपल्याच भूमीतील शोध आपल्याच कारखान्यांत परका राहावा, ही गोष्ट आम्हांस खटकते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या पद्धतीस उत्तेजन देणारे मार्गदर्शन २००४ साली प्रसिद्ध केले. तरीही अनेक उत्पादक कचरतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. यंत्र महाग आहे. शिवाय ते विकत आणले म्हणून आपोआप शहाणे होत नाही. प्रयोगशाळेतील निकालांशी ताडून त्यास शिकवावे लागते, आणि कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला की पुन्हा तपासावे लागते. अत्यल्प अशुद्धी तर निकट-अवरक्त प्रकाशास बहुधा दिसतच नाही. १९८६ साली मुंबईत ग्लिसरीनमधील डायएथिलीन ग्लायकॉलने रुग्ण दगावले. तसे विष अडविण्याची जागा म्हणजे कच्च्या मालाचे पिंप उघडतानाची काटेकोर परीक्षा. ती टाळण्यास हे यंत्र निमित्त होऊ नये.

परंतु एकट्यास जे जड, ते दहा जणांस हलके, हे व्यापारी मंडळींस आम्ही काय सांगावे? लहान उत्पादकांनी एकत्र येऊन एक जाणता रसायनज्ञ नेमावा. एका कारखान्यात, एकाच मालावर, प्रथम केवळ वाळवणीपासून आरंभ करावा. आणि वाया गेलेल्या बॅचेसचा हिशेब वर्षभर मांडून पाहावा. घाऊक व्यापाऱ्यांनीही केवळ भाव न विचारता, माल तयार होताना कसा तपासला जातो, हे विचारण्याचा प्रघात पाडावा. गिऱ्हाइकाने विचारल्याखेरीज उत्पादक सहसा बदलत नाही.

मापात पाप नसावे, ही शिकवण आपण वाडवडिलांकडून घेतली. धान्याचे माप गिऱ्हाईक स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकते. गोळीतील औषधाचे माप रोग्यास कधीच दिसत नाही. त्याच्या वतीने ते पाहण्याचे दायित्व आपणांवर आहे. सभासदांनी याचा अवश्य विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.