कराराचा कागद गावाला दाखवा

मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



मी डहाणूची. आमच्या गावचे नटवर ठक्कर काकासाहेब कालेलकरांच्या प्रेरणेने १९५५ साली नागा टेकड्यांत गेले, मोकोकचुंग जिल्ह्यातल्या चुचुयिमलांगला गांधी आश्रम काढून तिथलेच झाले. त्या ओढीने मीही नागालँडला जाऊन आले. तिथे जे पाहिलं ते आपल्या कानावर घालते आहे.

दिमापूरच्या बाजारात एका दुकानदाराने गल्ल्याखालचा खण ओढला आणि पावत्यांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. रबर लावलेला, वर्षवार. प्रत्येक पावतीवर वेगळ्या भूमिगत गटाचा शिक्का, आणि रकमेपुढे 'कर'. "करार झाला ना?" त्यांनी विचारलं. "मग हे का थांबत नाही?" याच शहरात २०१३ मध्ये हजारो लोक 'एक सरकार, एक कर' म्हणत रस्त्यावर आले होते.

एनएससीएन या सशस्त्र नागा संघटनेच्या आयझॅक-मुइवा गटाशी केंद्र सरकारची १९९७ मध्ये शस्त्रसंधी झाली, ३ ऑगस्ट २०१५ ला चौकट करारावर सह्या झाल्या. २०१७ मध्ये दुसऱ्या नागा गटांशी वेगळा समझोता. पुढे नागांचा स्वतंत्र ध्वज आणि घटना यांवर गाडी अडली, ती अडलेलीच आहे. आणि २०१५ चा तो कागद? सरकारने तो लोकांपुढे ठेवला नाही. २०२० मध्ये आयझॅक-मुइवा गटानेच आपल्याकडची प्रत बाहेर काढली, तीही भांडणातून: केंद्राच्या मध्यस्थांनी इतरांना दाखवलेल्या प्रतीतून 'नवे' हा शब्द गाळला, असा त्यांचा आरोप होता. खरं-खोटं मी ठरवू शकत नाही. पण कागद पहिल्या दिवसापासून गावोगाव वाचला गेला असता, तर एका शब्दावरून एवढा अविश्वास माजलाच नसता.

नागालँडमध्ये शांततेचा प्रयत्न लोकांनी सुरू केल्याचा दाखला जुना आहे. १९६४ च्या आरंभी वोखाला बॅप्टिस्ट चर्चचं अधिवेशन भरलं आणि तिथे शांतता मिशनची मागणी पुढे आली. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री चालिहा आणि इंग्लंडचे पाद्री मायकेल स्कॉट अशी तीन माणसं त्यात आली, आणि ६ सप्टेंबरला बंदुका थांबल्या. कायमचा तोडगा निघाला नाही हे खरं, पण दिल्लीला जे जमत नव्हतं ते चर्चने घडवून आणलं. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या नागा मदर्स असोसिएशनच्या बायका पुढे 'आता रक्त नको' म्हणत सशस्त्र गटांच्या तळांपर्यंत चालत गेल्या. २००८ मध्ये उभ्या राहिलेल्या फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशनने एकमेकांच्या जिवावर उठलेल्या गटांच्या नेत्यांना पुढच्याच वर्षी एका कागदावर सह्या करायला लावल्या.

गावांना जबाबदारी पेलत नाही, असं कोणी आपल्याला सांगत असेल तर नागालँडचा २००२ चा कायदा पाहावा. त्याने शाळा, दवाखाने, विजेची बिलं गावसमित्यांच्या हाती दिली. त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला.

म्हणून माझी मागणी साधी आहे. चौकट करार आणि २०१७ चा समझोता नागामीजमध्ये आणि प्रत्येक जमातीच्या बोलीत छापा. गावपरिषदेत ते मोठ्याने वाचले जावेत, हरकती लिहून घेतल्या जाव्यात, आणि त्यांवर सरकारचं लेखी उत्तर गावात परत जावं. गावपरिषदांवर बहुतेक पुरुषच बसतात, म्हणून बायकांची सभा वेगळी आणि त्यांच्या हरकतींना तेवढंच वजन. ओटिंगच्या घरांत तर आपण आधी जा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये खाणीतून घरी निघालेली तिथली माणसं सुरक्षा दलाच्या गोळीने गेली. त्यांच्या आयांना न विचारता शांततेबद्दल बोलूच नये, असं मला वाटतं.

शेजाऱ्यांनाही विचारा. जून २००१ मध्ये केंद्र आणि आयझॅक-मुइवा गट यांच्यात, शस्त्रसंधीला प्रादेशिक मर्यादा नाही, असं परस्पर ठरलं. मणिपूरचं इंफाळ पेटलं, १८ माणसं मेली, विधानसभा जळाली, आणि शेवटी दिल्लीला ते शब्द मागे घ्यावे लागले. मणिपूर, आसाम, अरुणाचलातल्या गावांतही हे वाचन व्हायला हवं.

एक व्यवहाराची गोष्ट. पावसाळ्यात मोन, तुएनसांगकडचे रस्ते खचतात आणि गाव शेतात असतं. वाचन डिसेंबरात सुरू करा. नाताळला शिकायला, नोकरीला बाहेर गेलेली मुलंही घरी आलेली असतात.

आपली,
डहाणूची एक नागरिक