मूळ मोटार की नटविलेली मोटार?

चतुर्थीपूर्वी दारात मोटार यावी, ती घेऊन मूळ गावच्या घरी जावे आणि परतताना कुलदेवतेचे दर्शन घ्यावे, ही आमच्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबाची आकांक्षा काही आजची नव्हे. नवी मोटार आवाक्याबाहेर राहते, म्हणून मंडळी जुन्या मोटारीच्या शोधात मडगाव-म्हापशाच्या वाऱ्या करू लागतात. तेथे बहुधा एक पेच उभा राहतो. एकाच वर्षाच्या, एकाच कारखान्याच्या दोन मोटारी समोर असतात. एक जशी कारखान्यातून निघाली तशीच. रंग थोडा उतरलेला, चाकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या. दुसरीला रुंद टायर, चकाकणारी अलॉय चाके, काळ्या काचा, पुढे पोलादी दांडा, डोळे दिपविणारे दिवे. किमतीत फारसे अंतर नसते. उलट, पन्नास-साठ हजारांचा ऐवज आपण जवळजवळ फुकट देत आहोत, असे विकणारा ठासून सांगतो. घरातील तरुणांचा कौल कोठे पडेल हे सांगावयास ज्योतिषी नको. आमचे मत मात्र निःसंदिग्धपणे त्या उतरलेल्या रंगाच्या मोटारीच्या बाजूने आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील कारखानदाराने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन, नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. काचांतून किती प्रकाश आरपार गेला पाहिजे हेही ठरलेले आहे. पुढच्या-मागच्या काचांतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के. पुढील पोलादी दांड्यांविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिले होते. ‘हे मी केलेले नव्हे’, असे नव्या मालकाला म्हणता येईल. पण भर रस्त्यात पोलिसासमोर उभे राहून ते सिद्ध कसे करावयाचे? मोटार पंधरा वर्षांची झाली आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावी लागली, की आधीच्या मालकाच्या हौसेचा हिशेब याच्याच नावावर मांडला जातो. अपघातानंतर विम्याची भरपाई मागताना तर, न कळविलेला फेरफार हे नकारासाठी कंपनीच्या हाती आयते सापडलेले कारण ठरते.

परंतु दंडाच्या भीतीपेक्षा आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो आमचा पाऊस आणि आमची खारी हवा. मोटारीच्या विजेच्या तारा कारखान्यात एका वेष्टनात, पाणी शिरणार नाही अशा जोडांनी बसविलेल्या असतात. जास्तीचे दिवे लावणारा मिस्त्री ती वेष्टने कापतो, तार तासून तिला दुसरी तार पिळतो आणि वर चिकटपट्टी गुंडाळतो. घाटावरच्या कोरड्या हवेत हा जोड कदाचित वर्षानुवर्षे टिकेल. काणकोणपासून पेडण्यापर्यंतच्या किनाऱ्यावर दोन पावसाळ्यांत त्या तांब्यावर हिरवट बुरा चढतो. नेहमीचा हॅलोजन दिवा ६० वॉटचा. त्याच्या जागी १०० वॉटचा लावला की तारेतून वाहणारा प्रवाह पाच अँपिअरवरून आठांच्या पुढे जातो. कारखान्याने तार बसविली ती पाचांच्या हिशेबाने. धारक वितळतो, तार तापते, आणि कधी कधी मोटार पेट घेते. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

रुंद टायरांचेही तसेच. मोटारीचे वजन तेवढेच राहून टायर रुंद झाला की साचलेले पाणी कापण्याऐवजी तो त्यावर तरंगू पाहतो. आषाढातल्या महामार्गावर याचा अर्थ काय होतो हे वाहनचालकांना सांगावयास नको. टायरचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला, तर काटा ८० दाखवीत असताना मोटार ८४ ने धावत असते. स्प्रिंगा कापून मोटार खाली बसविणाऱ्यांना आमच्या गावोगावचे गतिरोधक कसे दिसत नाहीत, हे एक कोडेच आहे.

यावर जुनी जाणती मंडळी म्हणतील की फेरफार पूर्वीही होत. ते खरे आहे. १९७३ नंतर पेट्रोल कडाडले तेव्हा कित्येक अँबॅसडरांत आणि फियाटींत डिझेलची इंजिने बसविली गेली आणि त्या मोटारी सुखाने धावल्या. मात्र त्या मोटारीत जे होते ते मिस्त्रीच्या डोळ्यांना दिसे व हाताला लागे. आजच्या मोटारीत ब्रेक, इंजिन आणि हवेच्या पिशव्या संगणकांच्या हवाली आहेत. नव्या मोटारींना घसरणरोधक ब्रेक एप्रिल २०१९ पासून आणि चालकापुढील पिशवी जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शोभेचे स्टिअरिंग बसविले की त्यातली पिशवी गेली. बाजूची पिशवी आसनात असेल तर जाड आच्छादनाने तिची वाट अडते. पुढचा दांडा धडकेचा आघात भलतीकडे वळवतो. ‘ताकद’ वाढविण्यासाठी इंजिनच्या संगणकातील आकडे बदलले, की टर्बो आणि क्लच यांचे आयुष्य घटते. आणि विकण्यापूर्वी तेच आकडे पूर्ववत करून ठेवले तर खरेदीदाराला पत्ताही लागत नाही. म्हणूनच मूळ दिसणारी प्रत्येक मोटार मूळच असते असे समजू नये.

सर्वच फेरफारांना आम्ही एका मापाने मोजत नाही. गायनयंत्र किंवा पायपुसणी बदलल्याने काही बिघडत नाही. मान्यताप्राप्त गॅस-संच बसवून तो नोंदणी पुस्तकात व विमापत्रात चढविला असेल, अथवा अपंग चालकासाठी परवानगीने सोयी केल्या असतील, तर तो कायद्याने मानलेला बदल होय. हौशी मालक पुष्कळदा तेल वेळेवर बदलतो आणि मूळ मोटारीचा बेफिकीर मालक ते करीत नाही, हेही आम्ही मान्य करतो. पण बेफिकिरीच्या खुणा कुशल मिस्त्रीला दिसतात. झाकलेल्या जोडाच्या दिसत नाहीत.

तेव्हा घेणाऱ्याने बोनेट उघडून चिकटपट्ट्या मोजाव्यात. चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले टायरचे माप प्रत्यक्ष टायरशी ताडून पाहावे. इंधन आणि रंग नोंदणी पुस्तकाशी जुळतात का, पूर्वी ती काळ्या पाटीवरच्या पिवळ्या आकड्यांची भाड्याची मोटार होती का, हे विचारावे. आणि नटविलेली मोटारच मनात भरली असेल, तर काढलेली मूळ चाके, दिवे व स्प्रिंगा मालकाने जपून ठेवल्या आहेत का, हे अवश्य पाहावे. त्या मिळत असतील तर सौद्याला काही अर्थ आहे. नसतील तर मोटार पूर्ववत करण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. विकणारा मात्र तोच खर्च किमतीत मिळवू पाहतो.

जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले आहे. त्याच व्यवस्थेत आणखी एका कागदाची भर घालणे अवघड नाही. मोटारीत कोणते फेरफार झाले, कोणते मंजूर आहेत आणि कोणते नाहीत, हे व्यापाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावे, आणि त्याची एक प्रत मालकी हस्तांतराच्या अर्जासोबत वाहतूक खात्यात राहावी. केंद्र सरकारने नियम बदलण्याची वाट न पाहता गोव्याच्या वाहतूक खात्याने हा कागद निदान ऐच्छिक स्वरूपात येत्या चतुर्थीपूर्वी सुरू करावा.