मुखवट्यामागील माणूस

गेल्या वर्षीं अकोले तालुक्याच्या डोंगरपट्टींतून आलेल्या एका विद्यार्थ्यानें चित्रकलेच्या वहींत एक मुखवटा काढिला. विस्फारलेले डोळे, बाहेर आलेले दांत. वर्गांत हंशा पिकला. कोणी ‘भूत, भूत’ म्हणून ओरडलें. मुलानें तें पान फाडून टाकिलें. आम्ही त्या वेळीं गप्प राहिलों. ती चूक आमची; म्हणून हा लेख.

तें भूत नव्हे, बोहाड्याचें सोंग होतें. अकोल्याच्या पश्चिम भागांत, तसेंच नाशिककडील सुरगाणा-पेठ आणि जव्हार-मोखाडा या प्रदेशांत महादेव कोळी, कोकणा, वारली इत्यादि लोक पावसाळ्यापूर्वीं हा उत्सव करितात. हलकें लाकूड कोरून किंवा कागदाचा लगदा साच्यावर थापून मुखवटे घडवितात. रात्रीं संबळ वाजूं लागला कीं मशालींच्या उजेडांत एकेक सोंग नाचत येतें. आरंभीं गणपति, अखेरीस महिषासुराशीं झुंजणारी देवी. अनेक गांवीं अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असतो. मुखवटा चढला कीं कालचा नांगर धरणारा गडी तेवढ्या रात्रीपुरता देवता ठरतो, आणि त्याचे शेजारी त्यास हात जोडितात.

ख्रिस्ती शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यांनीं कॅनडाकडे पाहावें. तेथील पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व लोक सीडर वृक्षाच्या लाकडांत मुखवटे कोरितात. कित्येकांची दोरी ओढतांच पक्ष्याची चोंच दुभंगते व आंतून मनुष्याचा चेहरा प्रकट होतो; मनुष्य व पशुपक्षी यांचें नातें त्यांत दाखविलेलें असतें. ज्या पॉटलॅच समारंभांत ते मिरवीत, तो सरकारनें १८८५ पासून १९५१ पर्यंत कायद्यानें बंद ठेविला होता. १९२१ सालच्या एका मोठ्या समारंभानंतर मुखवटे जप्त झाले, कित्येक स्त्रीपुरुष तुरुंगांत गेले. मुखवट्यांपैकीं कांहीं १९७९-८० च्या सुमारास परत मिळाले. या बंदीची मागणी करणाऱ्यांत मिशनरीही होते, हें आम्हांस लपवितां येत नाहीं. त्यांचा हेतु वाईट नसेलहि. पण न समजून घेतां दिलेला निवाडा न्याय होत नाहीं.

आमच्या श्रद्धेंत यामुळें तिळमात्र फरक पडत नाहीं. शेजाऱ्यावर प्रीति करा असें आम्ही मुलांस शिकवितों. शेजाऱ्यास जें पवित्र वाटतें त्यास हंसणें ही प्रीति नव्हे. आपल्याकडे कायद्यानें नव्हे, पण वर्गांतल्या हंशानें हेंच काम होऊं शकतें. कारण लाजलेला मुलगा घरीं जाऊन आजोबांस कांहीं विचारीत नाहीं.

पालकांस विनंती कीं, माळ्यावरचा जुना मुखवटा चार पैशांसाठीं विकूं नये. विद्यार्थ्यांनो, सुटींत गांवीं गेल्यावर कोणतें सोंग कोणाच्या घरचें, हें वडीलधाऱ्यांस विचारून वहींत लिहून आणा. आणि तें फाडलेलें पान पुन्हां काढिलें गेलें, तर तें वर्गाच्या भिंतीवर लावण्यास आम्हीच खिळा ठोकूं.