बालशस्त्रक्रिया अतिदक्षता विभागात श्वासपटलाच्या सोनोग्राफीची सोय करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सचिव,
वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

न्यूमोनियानंतर छातीत पू साचलेली किंवा फुप्फुसात जन्मजात गाठ असलेली मुले शासकीय रुग्णालयांत शस्त्रक्रियेसाठी येतात. श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस हृदयाच्या आवरणालगत खाली उतरते. फुप्फुसावरची घट्ट साय सोलताना ही नस दुखावू शकते. एका बाजूचे पटल लुळे पडले तरी मोठ्या माणसाचे बहुधा निभावते. तान्ह्या बाळाच्या बरगड्या आडव्या आणि मऊ असतात, श्वासाचा बहुतेक भार पटलावरच असतो. मग व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर धाप लागते आणि पुन्हा नळी घालावी लागते.

हे आधी ओळखता येते. बरगड्यांखाली सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की उजवीकडे यकृताच्या, डावीकडे प्लीहेच्या आधाराने पटल दिसते. श्वास घेताना ते खाली यायला हवे. लुळे असेल तर हलत नाही किंवा उलट वर जाते. एक्स-रेत पटल नुसते उंचावलेले दिसते, आणि दबलेले फुप्फुस किंवा साचलेले पाणीही तसाच भास करते. फ्लुरोस्कोपीसाठी आजारी मूल हलवावे लागते, शिवाय किरणोत्सर्ग.

आमची मागणी अशी की, लहान मुलांच्या छातीच्या शस्त्रक्रिया होणाऱ्या प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला स्वतंत्र सोनोग्राफी यंत्र द्यावे. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नळी काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या पटलाची हालचाल मिलिमीटरमध्ये केसपेपरवर नोंदवावी. व्हेंटिलेटरचा दाब लुळ्या पटलालाही खाली ढकलतो. म्हणून मूल स्वतः श्वास घेत असतानाच तपासणी व्हावी, असे लेखी आदेशात स्पष्ट असावे. नाहीतर ‘नॉर्मल’ अहवालावर विसंबून नळी निघेल. क्षकिरण विभागाने निवासी डॉक्टरांना प्रशिक्षण द्यावे. पटल लुळे असून व्हेंटिलेटर सुटत नसेल, तर ते ताणून शिवण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय लांबू नये.

यंत्र मागितले की पीसीपीएनडीटी कायद्याकडे बोट दाखवले जाते. गर्भलिंगनिदान रोखणारा हा १९९४ चा कायदा कडकच राहावा. पण नोंदणी झालेल्या आवारात दाखल रुग्णांसाठी फिरते यंत्र वापरायला त्याचे नियम मुभा देतात. अडचण नोंदणीच्या कागदपत्रांची आहे. ती रुग्णालय प्रशासनाने पूर्ण करावीत, असे निर्देश आपल्या विभागाने द्यावेत.

या विषयावर चर्चेसाठी आम्हाला वेळ द्यावी, ही विनंती.

आपले,
बालशस्त्रक्रिया विभागातील निवासी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मुलांचे पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)